नक्की येऊ, आंटी

मी बेटं विकायचे. ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरमध्ये, औषधांचं दुकान आणि नखं रंगवून देणारं पार्लर यांच्या मधोमध आमची लहानशी ट्रॅव्हल एजन्सी होती. तीन टेबलं, त्यातलं काचेजवळचं माझं. मेलबर्नला मी शिकायला आले तेही टुरिझमच. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, बरोबरच्या मुली लग्नं करून पांगल्या आणि मी त्या टेबलाला चिकटले ती चिकटलेच. फिजी, टोंगा, सामोआ, व्हानुआटू हे माझे देश. नाशिकला माझ्या भावाला ते नकाशावर दाखवता आले नसते, पण तिथल्या कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे ते मला पाठ होतं.

आपल्या लोकांना बेटावर पाठवणं म्हणजे डोक्याला ताप. समुद्र खोलीसमोर पाहिजे, पण पाण्यात कोणी उतरणार नाही. रिसॉर्ट पाहिजे, पण सकाळी पोहे मिळतील का ते आधी विचारणार. अशा गिऱ्हाइकांसाठी माझ्याकडे हुकमाचं पान होतं, ते म्हणजे आंटी. फिजीच्या मुख्य बेटावर, नांदी विमानतळापासून गाडीने तीन तासांवर, समुद्राला लागून तिचं पाच खोल्यांचं होमस्टे होतं. तिच्या पणजोबांना ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यावर राबायला नेलेलं. तिने भारत कधी पाहिला नव्हता. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये. आंटीची हिंदी भोजपुरी वळणाची, पण मध्येच ‘मंगता’ वगैरे यायचं आणि आमच्यातल्या मुंबईकरांना एकदम घरी आल्यासारखं वाटायचं. अळूवडी ती आपल्यासारखीच करायची, फक्त तिला सैना म्हणायची.

तिच्याकडे वेबसाइट नव्हती, ईमेल नव्हता. एक लांबट वही होती. मी फोन करायचा, किती माणसं आणि कुठली तारीख एवढं सांगायचं, ती वहीत लिहायची. लिहिलं की झालं. मग ती माणसांच्या हिशेबाने बटाटे आणायची, चादरी धुवायची आणि मोठी व्हॅन घेऊन तीन तास आधी विमानतळावर जाऊन बसायची. इतक्या वर्षांत वहीत लिहिलेलं माणूस आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. नावं मी खात्री करूनच द्यायचे, त्याचा मला अभिमान होता.

त्या भागात चक्रीवादळं नेहमीची. वादळ आलं की टीव्हीवर एकच मोडकं छप्पर चार दिवस दाखवतात, आणि आमच्या ऑफिसात फोन सुरू होतात, रद्द करा म्हणून. अगदी ज्या बेटावर पानही हललेलं नाही, तिथलंसुद्धा. मी तासन्‌तास समजावत बसायचे. रद्द करू नका, पुढे ढकला. ज्यांचं पोट पाहुण्यांवर आहे त्यांच्याकडे पाहुणे गेले नाहीत, तर वादळाने सोडलेलंही जातं. हे मला मनापासून वाटायचं आणि बोलायलाही छान जमायचं.

मग महामारी आली आणि जगातल्या सगळ्याच सहली एकदम रद्द झाल्या. ऑफिसचं शटर खाली गेलं. मला लॅपटॉप देऊन घरी बसवलं आणि काम दिलं ते रद्द करण्याचं. रोज आठ तास मी लोकांची स्वप्नं नम्र भाषेत परत पाठवत होते. माझं घर म्हणजे एका बेडरूमचं युनिट, टेबल एक, खुर्ची एक. दुसरी खुर्ची कधी लागलीच नव्हती. चार दिवस कोणाशी बोलले नाही की पाचव्या दिवशी फोनवर माझा स्वतःचा आवाज घोगरा यायचा. आईवडील आधीच गेलेले, भावाचा फोन महिन्यातून एकदा, तोही गाडी चालवताना. रविवारी संध्याकाळी मात्र आंटीचा फोन ठरलेला. खाना खाया? क्या खाया? एवढंच विचारायची, पण उत्तर पूर्ण ऐकून घ्यायची. तिच्या पाचही खोल्या रिकाम्या होत्या. आम्ही दोघी एकमेकींना जेवण सांगायचो.

एप्रिलमध्ये एका रविवारी फोन आला नाही. त्या आठवड्यात तिच्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं होतं. सहा दिवस तिचा फोन लागेना. सातव्या दिवशी शाळेतून, कोणाच्या तरी फोनवरून बोलली. गाव तिथे आसऱ्याला होतं. खोल्यांची छपरं गेली होती, भिंतीही बऱ्याचशा. स्वयंपाकघर आणि वही तेवढी राहिली होती. वही तिने पोटाशी धरून ठेवली होती म्हणे. तिला बरं वाटावं म्हणून मी हसले आणि फोन ठेवल्यावर खूप रडले.

आमच्या मराठी ग्रुपवर मी हे कळवलं. आंटीकडे जाऊन आलेली बरीच कुटुंबं त्यात होती आणि माणसं वाईट अजिबात नाहीत. जूनमध्ये निर्बंध जरा सैल झाले, तेव्हा किराणा आणायला निघालेले लोक माझ्या दारात आंटीसाठी पिशव्या ठेवून जायला लागले. बेल वाजायची, मी ओढणी सावरत धावायचे, दार उघडेपर्यंत गाडी वळणावर गेलेली असायची. नियमच तसा होता, त्यांची चूक नव्हती. पण दर बेलला मी धावायचे हेही खरं. पिशव्यांत काय होतं? मुलांचे थंडीचे जाड कोट. शाळेचे ब्लेझर. शिट्टी नसलेला कुकर. फिजीत कोट घालायला थंडी कुठून आणणार? आणि बारा वर्षं हाच धंदा केलेली मी, दार अडेपर्यंत त्या पिशव्या रचत होते, कारण त्या निमित्ताने बेल तरी वाजत होती.

शेवटी आंटीला विचारलं, हे सगळं बोटीने कसं पाठवू?

“कपडा नहीं मंगता, बेटी. आदमी मंगता.”

मग तिने खरी गोष्ट काढली. मुलगी रोज फोन करत होती. सीमा उघडली की जागा सोड, कायमची ब्रिस्बेनला ये, आता या वयात भिंती कसल्या उभ्या करतेस. गावातले सुतार आत्ता मोकळे होते, लाकूड पडलेल्या झाडांचंच होतं. उभं करायचं तर आत्ताच. “तुम बोलो,” ती म्हणाली. “आदमी आएगा तो हम कमरा बनाएगा. नहीं तो हम बेटी के पास जाता.”

मी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं. किंवा मला माहीत नाही म्हणायला हवं होतं, जे खरं होतं. मी म्हटलं, थांब, तुलाच सगळ्यांशी बोलायला लावते.

ऑगस्टमध्ये मेलबर्न पुन्हा कडेकोट बंद होतं. घरापासून पाच किलोमीटर, दिवसाला एक तास, संध्याकाळी आठनंतर बाहेर पडायचं नाही. एका शनिवारी दुपारी मी झूमवर सगळ्यांना बोलावलं. माझ्या लॅपटॉपवर एकदम चेहऱ्यांच्या चौकटीच चौकटी उघडल्या. कुणाचे वाढलेले केस, कुणाच्या मांडीवर पोर, मागे कुकरची शिट्टी. एका चौकटीत शाळेच्या बाकावर बसलेली आंटी, शेजारी वही. मी माझं जुनं भाषण केलं, पाहुणे हीच मदत वगैरे, आणि ते उत्तम झालं. लोक हेलावले. एकेक जण आंटीशी बोलला, तिच्या सैनेची आठवण काढली आणि शेवटी म्हणाला, “पक्का आएंगे, आंटी.”

हे आपलं ‘नक्की येऊ’. आपल्यात ते निरोपाचं वाक्य आहे, निघताना चपला घालायच्या तसं म्हणायचं. ‘या ना एकदा’ म्हटलं की ‘नक्की येऊ’ म्हणायचं, दोघांनाही काही अडत नाही. मला हे पुरेपूर ठाऊक होतं. मेलबर्नच्या पहिल्या वर्षी गणपतीत भेटलेल्या एका ताईंनी ‘ये गं एकदा घरी जेवायला’ म्हटलं, आणि मी बावळट तीन शनिवार मोकळे ठेवून बसले होते. बर्फीसुद्धा आणून ठेवली होती. ती शेवटी मीच संपवली.

पण आंटीच्या गावात येतो म्हटलं की भात टाकतात. त्या चौकटीत तिची मान खाली होती आणि हात हलत होता. दर ‘पक्का’ला ती आडनाव विचारून घेत होती आणि वहीत लिहीत होती. मला ते दिसलं. बाकी कोणाला दिसलं नसेल, मला दिसलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आंटी, थांब, लिहू नकोस. पण किती महिन्यांनी माझ्या घरात इतकी माणसं बोलत होती. मला ते मोडायचं नव्हतं. मी बोलले नाही.

सप्टेंबरमध्ये सरकारने एकट्या राहणाऱ्यांना सवलत दिली. कोणीही एक माणूस निवडा, त्या एकाने तुमच्या घरी आलेलं चालेल. मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. सगळी कुटुंबातली माणसं, त्यांचा काय दोष. ज्या एका नावावर बोट थांबलं ते समुद्रापलीकडे छप्पर वादळात उडू नये म्हणून लोखंडी पट्ट्या ठोकून घेत होतं. मी कोणालाच निवडलं नाही.

आंटी फोटो पाठवत होती. पहिली खोली, दुसरी खोली, निळा रंग. एक दिवस तिच्या मुलीचा ब्रिस्बेनहून फोन आला. ती इंग्रजीत बोलत होती, शांतपणे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आई म्हणते यायला जमणार नाही, घरी पाहुणे येणार आहेत. वहीत अकरा कुटुंबं आहेत, तारीख एकाचीही नाही. तू स्वतः हा धंदा करतेस, तुला हे बुकिंग वाटतं का? मी म्हटलं, मी बघते. तिने विचारलं, काय बघतेस?

सीमा उघडायला पुढचं सगळं वर्ष गेलं. उघडल्या तेव्हा मी यादी घेऊन बसले आणि अकराही घरी फोन केले. प्रत्येकाला आंटी आठवत होती. पण दोन वर्षं कोणी आईवडिलांना पाहिलं नव्हतं. एकीचे वडील मधल्या काळात गेले होते आणि तिने अंत्यदर्शन फोनच्या स्क्रीनवर घेतलं होतं. “अगं, सगळी लीव्ह इंडियालाच जाणार बघ. सॉरी यार. नेक्स्ट इयर नक्की,” ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर पहिल्या विमानाने गेले असते. चूक कोणाचीच नव्हती, एक माझी सोडून.

ज्यांना इंडियात कोणी वाट पाहणारं नव्हतं, अशी आमच्यात मी एकटीच होते. एप्रिलच्या सुट्टीचं तिकीट काढलं आणि आंटीला तारीख कळवली. ‘येतेय’ म्हटलं. ‘एकटीच’ म्हणायचं धैर्य झालं नाही. फोनवर तर नाहीच, आणि मेसेज लिहून दोनदा पुसला.

नांदीच्या विमानतळावर ती बारा सीटची व्हॅन घेऊन आली होती. साडी नवी होती. मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मागच्या सरकत्या दाराकडे पाहत राहिली. दार उघडायचं, कोणीतरी यायचं, दार मिटायचं.

“बाकी आदमी?” तिने विचारलं.

मी तिथेच, ट्रॉलीला धरून सगळं सांगितलं. कोणी येणार नाही. त्यांनी म्हटलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आमच्यात तसं म्हणतात. तू लिहीत होतीस तेव्हा मला दिसत होतं आणि मी बोलले नाही. तिने ऐकून घेतलं. मग माझी बॅग उचलून सगळ्यात मागच्या सीटवर ठेवली आणि मला पुढे बसवलं. तीन तासांत ती एकच वाक्य बोलली, ऊस यंदा बरा आहे म्हणून.

पाच निळ्या खोल्या होत्या. प्रत्येक दारावर कागद, त्यावर दोन-दोन, तीन-तीन आडनावं. एका खोलीत तान्ह्या बाळाचा पाळणासुद्धा मागून आणून ठेवला होता. त्या घरातलं बाळ एव्हाना घरभर पळायला लागलं असेल. मला तिथे उभं राहवेना. आंटी मात्र रागावली नाही, ओरडली नाही, मला ते हवं होतं तरी नाही. तिने एवढंच ठरवलं की मी रोज वेगळ्या खोलीत झोपायचं. नव्या खोलीत माणूस झोपल्याशिवाय तिचं घर होत नाही, म्हणाली. पाच दिवस मी पाच खोल्यांत झोपले, प्रत्येक खोलीत छताला कुठे आवाज येतो ते सकाळी तिला सांगितलं आणि तिने पट्ट्या घट्ट करून घेतल्या. शेवटच्या दिवशी दारांवरचे कागद मी काढले. तिने काढू दिले.

विमानतळावर निरोप घेताना आपण जे बोलतो तेच मी बोलले. म्हटलं, आंटी, तू पण ये ना एकदा मेलबर्नला, माझ्या घरी.

तिने पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

“कौन तारीख?”

मी हसले. ती हसत नव्हती. मागे रांग खोळंबली होती. मला खरंच, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या घरी कोणी यायची तारीख ठरवावी लागली. ऑक्टोबरमधला एक शुक्रवार सांगितला. तिने लिहिला.

परत आल्यावर मी ग्रुपवर भाषण केलं नाही. एवढंच लिहिलं की आंटीकडे ज्यांना जायचंय त्यांनी मला तारीख द्यावी, तारीख नसेल तर काही लिहू नये. बरेच दिवस कोणीच लिहिलं नाही. मग दोन कुटुंबांनी जुलैच्या सुट्टीतली तारीख दिली आणि ती गेली. पाचांपैकी तीन खोल्या एक आठवडा भरल्या. आंटीने मुलीला सांगितलं की भेटायला येईन, राहायला नाही. मुलगी माझ्याशी अजून तुटकच बोलते आणि ते बरोबरच आहे.

ऑक्टोबरच्या त्या शुक्रवारी आंटी आली. मुलीकडे जायच्या आधी, दोन रात्री माझ्याकडे. मी आदल्या आठवड्यात खुर्ची विकत आणली होती. तिने घर पाहिलं, एक खुर्ची जुनी आणि एक कोरी, आणि काही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सहाला मी ग्रुपमधल्या काही घरांना जेवायला बोलावलं होतं. त्या सकाळी फोन केले तेव्हा ती शेजारीच होती. आंटी आलीय म्हटल्यावर सगळे खूश झाले, नक्की येऊ म्हणाले. शेवटचा फोन ठेवून वळले तर ओट्याशी तिची मान खाली, हात हलत होता. वहीत आडनावं, प्रत्येकासमोर माणसांचा आकडा, आणि शेजारी पातेल्यात चौदा जणांचे तांदूळ.

“आंटी, रुको,” मी म्हटलं.

आणि मी सगळ्यांना परत फोन केले. आपल्यात असं कोणी विचारत नाही, फार उद्धट वाटतं. तरी विचारलं. खरंच येणार आहात का? नसाल येणार तर राग नाही, पण आत्ता सांगा, ती तांदूळ धुतेय. एक जण म्हणाला, “रिलॅक्स, यार, बघतो ना.” मी म्हटलं, नाही, बघतो नको, हो किंवा नाही. नाही म्हटलं त्यांची मिळून पाच माणसं झाली. त्यांतल्या दोघांनी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आंटीने वहीत पाच माणसं खोडली आणि तेवढे तांदूळ मोजून डब्यात परत ओतले.

सहा वाजले. खुर्च्या दोनच, म्हणून जमिनीवर चादरी अंथरल्या होत्या. आम्ही दाराकडे तोंड करून बसलो. सहा वाजून दहा मिनिटांनी आंटीने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. सव्वासहाला बेल वाजली. मला सवयीने वाटलं, दार उघडेपर्यंत गाडी वळणावर गेलेली असेल, आणि मी चादरीवर बसूनच राहिले. आंटी उठली. तिने दार उघडलं, समोरच्या माणसाला ‘खाना तैयार है’ म्हटलं, आणि त्याने चपला काढायच्या आत तारीख लिहायला त्याच्या हातात वही आणि पेन दिलं.